जखमी जवान सोबतीला असतो तेव्हा : माजी सैनिकांची व्यसनमुक्ती कशी घडते

अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉबर्ट रसेल नावाचे न्यायाधीश व्यसन आणि मानसिक आजाराशी निगडित खटले चालवत असत. व्हिएतनाम युद्धात लढलेला एक माजी सैनिक त्यांच्यापुढे होता. उपचारात त्याचं मन नव्हतं. काही विचारलं की खाली मान घालून तो पुटपुटायचा. न्यायालयातले दोन कर्मचारीही व्हिएतनाममध्ये लढलेले होते. रसेल यांनी त्या दोघांना सांगितलं, याला बाहेर न्या आणि जरा बोला. काही वेळाने तिघे आत आले. तो माणूस लष्करी शिस्तीत ताठ उभा राहिला, त्याने न्यायाधीशांच्या नजरेला नजर दिली आणि यापुढे जास्त प्रयत्न करीन, असं सांगितलं. जानेवारी २००८ मध्ये रसेल यांनी माजी सैनिकांसाठी वेगळं न्यायालय सुरू केलं. तिथे तुरुंगाऐवजी उपचारांवर भर असतो आणि आरोपीच्या सोबतीला एक स्वयंसेवक माजी सैनिक दिला जातो. आज अमेरिकेत अशी शेकडो न्यायालयं आहेत.

बाहेर त्या तिघांत जे झालं, ते उपचारांच्या भाषेत कसं मांडायचं? युद्धात जखमी झालेला, स्वतः व्यसनातून बाहेर आलेला माजी सैनिक दुसऱ्याला नेमकी काय मदत करतो? डॉक्टरांचं काम कुठे संपतं आणि याचं कुठे सुरू होतं? हे टप्प्याटप्प्याने समजून घेण्यासारखं आहे, कारण ज्या महाराष्ट्रात अपशिंगे मिलिटरी आणि सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, जिथल्या घराघरांतून माणसं सैन्यात जातात, तिथे हा प्रश्न कुणाच्या ना कुणाच्या घरातला आहे.

व्यसन कुठून लागतं

‘सैन्यात दारू लागतेच’ किंवा ‘फौजी आहे, थोडी घेणारच’, एवढ्यावर गावातली चर्चा संपते. जखमी जवानाची गोष्ट मात्र बहुतेक वेळा दुखण्यापासून सुरू होते.

पाय गुडघ्याखाली कापला तरी मेंदूतली त्या पायाची जागा शाबूत राहते. त्यामुळे नसलेला पाय दुखतो. बोटं पिळवटल्यासारखी होतात, टाचेत आग होते. रात्री सगळं शांत झालं की हे जास्त जाणवतं. पायच नाही तर दुखणार काय, असं घरच्यांना वाटतं. दोन-तीनदा तसं ऐकल्यावर जवान सांगायचं बंद करतो आणि गोळी घेतो. ट्रॅमाडॉलसारखी गोळी अफूच्या जातीची असते. वेदना शमते, पण शरीर तिला सरावतं आणि मात्रा वाढत जाते. याच गैरवापरामुळे भारतात २०१८ साली ट्रॅमाडॉल अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणलं गेलं. गोळी मिळाली नाही तर लष्करी कॅन्टीनच्या कोट्यातली रम असते.

दुसरं कारण झोप. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरू लागली की उत्तररात्री झोप मोडते आणि वाईट स्वप्नं पडतात. पहाटे घामाने भिजून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी थोडी जास्त घेतो.

तिसरं कारण रिकामपण. साधा जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, जखमी झालेला कधी त्याच्याही आधी. पहाटेची पीटी, परेड, मेस, संध्याकाळचा रोल कॉल हे सगळं एका दिवसात थांबतं. सकाळी दाढी करून कुणासमोर हजर राहायचं नसतं.

भोवतालचं महत्त्व किती, हे व्हिएतनाम युद्धानंतरच्या एका अभ्यासाने दाखवलं. तिथल्या अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉइन पसरलं होतं आणि ते परतल्यावर काय होईल याची सरकारला धास्ती होती. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी तीन वर्षांत पुन्हा व्यसनात अडकलेले फक्त १२ टक्क्यांच्या आसपास निघाले. जागा बदलली, सोबत बदलली, माल मिळेनासा झाला आणि बहुतेकांचं व्यसन सुटलं. आपल्या जखमी जवानाचं नेमकं उलटं होतं. त्याला धरून ठेवणारी माणसं आणि दिनक्रम पलटणीत राहतात, आणि वेदना, एकटेपण, सहज मिळणारी बाटली घरी असते. म्हणून त्याच्यावरच्या उपचाराला नुसती औषधं पुरत नाहीत.

पहिला आठवडा डॉक्टरांचा

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर जिवाला धोका असतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप आणि नाडी वाढते. म्हणून ‘खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा सल्ला घातक आहे. दवाखान्यात गुंगीची औषधं मोजून देऊन रोज कमी करतात. जीवनसत्त्व बी-१ म्हणजे थायमिन देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात ते कमी झालेलं असतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

या टप्प्यावर सोबत्याची, म्हणजे स्वतः सावरलेल्या त्या माजी सैनिकाची, दोन कामं असतात. पुढचे चार दिवस काय काय होईल, हे तो आधीच सांगून ठेवतो: हात कापतील, घाम येईल, पळून जावंसं वाटेल, पाचव्या दिवशी जेवण गोड लागेल. स्वतः त्यातून गेलेल्या माणसाने सांगितलेलं कानात राहतं. दुसरं काम गोळ्यांचं. दारूची कबुली देणारे बरेच जण दुखण्याच्या गोळ्या लपवतात, कारण त्या ‘औषध’ वाटतात. डॉक्टरांना मात्र हे कळायलाच हवं. ट्रॅमाडॉल स्वतःच झटक्यांचा धोका वाढवतं. शिवाय दारूची ओढ कमी करणारं नालट्रेक्झोन हे औषध अफूजन्य गोळ्या चालू असताना दिलं तर रुग्णाची अवस्था अचानक बिघडते. सोबती रुग्णाला विचारतो, “किती स्ट्रिप संपतात आठवड्याला?” मग त्याच्याच संमतीने तो आकडा डॉक्टरांपर्यंत पोचवतो.

घरच्यांनी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. डायसल्फिरॅम नावाचं औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणं असा त्रास होतो, क्वचित प्राणावर बेततं. ते रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. चहात किंवा भाजीत नकळत मिसळायच्या कुठल्याही पावडरच्या जाहिरातीला भुलू नये.

मग सोबत्याचं खरं काम सुरू होतं

दारू सुटतानाचा शारीरिक त्रास बहुधा आठवडाभरात ओसरतो. त्यानंतरच्या संध्याकाळी मोठ्या असतात, आणि सोबती तिथे लागतो. पहिली भेट कशी असते, ते पाहा. सोबती कृत्रिम पाय लावून आलाय. खुर्चीत बसल्यावर तो पॅन्ट जरा वर करतो, पायाचा पट्टा सैल करतो आणि विचारतो,

“कोणती पलटण?”

“मराठा. तुम्ही?”

“इंजिनिअर्स. तुमचा कुठे गेला?”

“वर. सुरुंग होता.”

“रात्री दुखतो का? नसलेला?”

समोरचा गप्प राहतो. मग हळूच म्हणतो, “अंगठा. सारखा मुडपल्यासारखा वाटतो.”

“माझी टाच.”

दारूचं नावही निघालेलं नाही, पण पुढच्या सगळ्या उपचाराची वाट इथे मोकळी झाली. या दुखण्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे, त्यावर अफूजन्य नसलेली औषधं आहेत, व्यायाम आहेत, हे आता सांगता येतं. आरसा-उपचार त्यातलाच एक. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा असा ठेवायचा की धडधाकट पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसावं. मग चांगला पाय हलवायचा, बोटं मिटायची-उघडायची, नजर आरशात ठेवायची. मुडपलेला अंगठा सरळ होताना डोळ्यांना दिसतो आणि अनेकांच्या मेंदूतली ती पकड सैल होते. मूळचे भारतीय असलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती पुढे आणली आणि अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या सैनिकांवर ती तपासली गेली. तिथे रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे असा क्रम होता. सोबत्याचं पहिलं काम हे दुखण्याचं: ते आटोक्यात आलं की पिण्याचं एक मोठं कारण कमी होतं.

दुसरं काम दिनक्रमाचं. भारतीय सैन्यात जवानांच्या जोड्या लावतात आणि जोडीदाराला बडी म्हणतात. एक झोपला तर दुसरा जागा असतो, एकाच्या हत्याराकडे आणि तब्येतीकडे दुसऱ्याचं लक्ष असतं. सोबती हीच रीत गावात पुन्हा उभी करतो. सकाळी ठरल्या वेळी फोन: “उठलात? दाढी झाली? औषध घेतलं?” संध्याकाळी पुन्हा, आणि तोही सात वाजता, कारण पिण्याची वेळ तीच असते. पेन्शन जमा होण्याचा दिवस आणि कॅन्टीनला जायचा दिवस त्याला पाठ असतो. त्या दिवशी तो बरोबर जातो, किराणा घेऊन होतो आणि मद्याच्या काउंटरकडे न वळता दोघं परततात. ओढ उठली की ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते, एवढं माहीत असलेला माणूस तेवढा वेळ फोनवर धरून ठेवतो.

तिसरं काम सर्वांत अवघड. जखमी जवानाच्या मनात पुष्कळदा एक हिशेब चालू असतो: माझा बडी गेला, मी का राहिलो? माझ्या हातून चूक झाली का? इथे अमेरिकेचे माजी सैनिक मॅक्स क्लेलँड यांची हकिगत सांगायलाच हवी. ८ एप्रिल १९६८ रोजी व्हिएतनाममध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्यांचे दोन्ही पाय आणि उजवा हात गेला. तो बॉम्ब आपल्याच अंगावरून पडला असावा, असं ते सुमारे तीस वर्षं मानत होते. १९९९ साली त्या वेळी तिथे हजर असलेल्या एका माजी मरीन सैनिकाने त्यांना संपर्क करून सांगितलं की बॉम्ब दुसऱ्या सैनिकाचा होता. तीन दशकांचं ओझं उतरलं ते तिथे हजर असलेल्या सैनिकाच्या शब्दाने.

याच क्लेलँड यांना १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचं प्रमुख केलं. १९७९ साली त्यांच्या कारकिर्दीत माजी सैनिकांच्या समुपदेशनासाठी ‘व्हेट सेंटर’ सुरू झाली. ती मुद्दाम मोठ्या सरकारी रुग्णालयांबाहेर, साध्या वस्त्यांमध्ये, दुकानाच्या गाळ्यांत थाटली, आणि समुपदेशकांत व्हिएतनाममध्ये लढलेल्यांना आवर्जून जागा दिली. रुग्णालयाच्या पायऱ्या न चढणारे सैनिक तिथे आत येऊन बसू लागले. पुढे त्या विभागात व्यसनातून किंवा मानसिक आजारातून सावरलेल्या माजी सैनिकांसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असलेलं पगारी पदही निर्माण झालं. स्वतः क्लेलँड यांच्या मनातलं युद्ध मात्र उतारवयात पुन्हा उफाळलं आणि त्यांना उपचार घ्यावे लागले. ते त्यांनी लपवलं नाही. सोबत्याने शिकावं ते हेच.

पाय घसरला तर

व्यसन पुन्हा सुरू होणं हा या आजाराच्या वाटेवरचा नेहमीचा धोका आहे. त्या दिवशी घरचे रागावतात, गाव हसतं, आणि जवान स्वतःला सर्वांत जास्त दूषणं देतो. सोबती दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात उभा असतो. तो विचारतो: कधी घेतली, आदल्या रात्री झोप झाली होती का, दुखत होतं का, कोण भेटलं होतं? उत्तरं लिहून काढली की पुढच्या वेळची धोक्याची जागा कळते. अफूजन्य गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत एक इशारा जीव वाचवणारा आहे. काही आठवडे बंद असलेल्या गोळ्यांची शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर श्वास थांबू शकतो. हे त्याला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं असतं.

आत्महत्येचा विषय निघाला तर सोबती तो टाळत नाही, सरळ विचारतो. विचारल्याने विचार बळावत नाही, उलट बोलायला जागा मिळते. अनेक माजी सैनिक परवान्याची बंदूक बाळगतात, बँकेत किंवा कारखान्यात सुरक्षारक्षक असतात. अशा काळात हत्यार घरातून दुसरीकडे सुरक्षित ठेवणं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठणं, या दोन्ही गोष्टी लगेच करायच्या. सोबती एरवी सगळं गुप्त ठेवतो, पण जिवाचा प्रश्न आला की गुप्तता बाजूला ठेवतो, आणि तसं पहिल्याच भेटीत सांगतो.

त्याच्या मर्यादाही पक्क्या हव्यात. तो औषध बदलत नाही, उसने पैसे देत नाही, नवरा-बायकोच्या भांडणात न्याय करत नाही. स्वतःची दारू सुटून निदान दोन वर्षं झाल्याशिवाय त्याने दुसऱ्याची जबाबदारी घेऊ नये, असं माझं मत आहे. त्याचं स्वतःचं मन मोकळं करायलाही एक माणूस हवा. या कामाचा त्याला होणारा फायदा खरा आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे एक संस्थापक बिल विल्सन पहिल्या महायुद्धातले लष्करी अधिकारी होते. १९३५ साली अॅक्रन शहरात पिण्याची जबरदस्त ओढ लागली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका दारुड्याशी बोलायचं ठरवलं. ते डॉ. बॉब स्मिथ. त्या भेटीतून दोघंही वाचले आणि जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली.

आपल्याकडे काय आहे

जखमी सैनिकांसाठी महाराष्ट्रात मोठं काम झालं आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ सालची. अपंग जवानांना कामाचं शिक्षण देण्यासाठी ती निघाली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी खडकीत १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. माजी सैनिकांच्या दवाखान्यांची ईसीएचएस योजना २००३ पासून चालू आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या माजी सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

व्यसनमुक्तीची परंपराही इथलीच आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. बरे झालेले रुग्णच तिथे समुपदेशक म्हणून उभे राहिले, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. ती व्यवस्था जवानाच्या घरालाही तितकीच लागते, कारण वर्षानुवर्षं एकटीने घर सांभाळलेल्या बाईच्या घरी परत आलेला नवरा दारूचं व्यसन घेऊन आलेला असतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या सभा अनेक शहरांत विनामूल्य भरतात. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे विनाशुल्क क्रमांक आहेत. टेलिमानसचा सैन्यदलांसाठीचा कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. खासगी केंद्र निवडताना ते मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदलेलं आहे का, डॉक्टर रोज येतात का, हे पाहावं. त्याच २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराच्या रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. जिथे मारहाण हाच उपचार असतो, तिथून रुग्णाला तात्काळ बाहेर काढावं.

कृत्रिम पाय एका ठिकाणी मिळतो, औषध दुसऱ्या आणि व्यसनमुक्ती तिसऱ्या ठिकाणी. या तिन्ही दारांतून जवानाच्या बरोबर चालणारा माणूस मात्र ठरवून नेमलेला दिसत नाही. तो नेमायला नवी इमारत लागत नाही. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेने दोन-तीन सावरलेले जवान निवडावेत, त्यांना एखाद्या चांगल्या व्यसनमुक्ती केंद्रात प्रशिक्षण द्यावं, जवळच्या ईसीएचएस दवाखान्याच्या डॉक्टरांशी जोडून द्यावं आणि त्यांचा प्रवासखर्च व फोनचं बिल उचलावं. विजय दिवसाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देताना त्यांची नावं आणि क्रमांक जाहीर करावेत.

तुमच्या गावात असा एखादा जवान असेल, लढताना जखमी झालेला, पुढे दारूत गेलेला आणि त्यातून परतलेला, तर त्याला या कामासाठी आजच विचारा. आणि अजून दारूतच असलेला कुणी माहीत असेल, तर त्याची दारू एकाएकी बंद करायला जाऊ नका. आधी डॉक्टरकडे न्या, आणि त्या पहिल्याला बरोबर घ्या.